देवानंद बोर्डेची चाळणी

भोकरदनच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून देवानंद बोर्डेचं ऑनलाईन सेंटर आहे. पाटीवर त्याच्या नावाखाली त्याचा ईमेल पत्ता रंगवलेला आहे. तो तिथं कशाला, असं आजवर कुणी विचारलं नाही, कारण तो नुसता देवानंदचा पत्ता राहिलेलाच नव्हता. फॉर्म भरताना नाव, गाव, जात, शिक्षण असं सगळं भराभर सांगणारा माणूस ईमेलच्या रकान्यापाशी आला की गप्प व्हायचा. मग देवानंद म्हणायचा, "आपला टाकून देतो." समोरचा सुटकेचा श्वास सोडायचा. अशी गेल्या बारा वर्षांत दोन-अडीच हजार माणसं त्या एका पत्त्यावर नांदायला आली होती. पिंपळगाव रेणुकाईपासून पार बदनापूरपर्यंतची.

लोकांचे मोबाईल नंबर बदलायचे, सिम बंद पडायची, पण देवानंदचा पत्ता जागचा हलत नव्हता. बाजाराला आलेला माणूस सेंटरच्या दारात चप्पल न काढताच विचारायचा, "भाऊ, आलं का आमचं काही?" देवानंद नाव टाकून बघायचा आणि सांगायचा. त्याच्या 'आलं'वर माणसं पेढे घ्यायची आणि 'न्हाई'वर मुकाट्यानं परतीची गाडी पकडायची.

सर्व्हर बंद असला की देवानंदला बोलायला वेळच वेळ असायचा, आणि सर्व्हर बहुतेक वेळा बंदच असायचा. तंत्रज्ञानावर त्याची ठाम मतं होती. "मशीनला काही कळत न्हाई," तो म्हणायचा. "सांगितलं तेवढंच करतंय. म्हणून सांगणाऱ्याला अक्कल पाहिजे. आन मेलचा कायदा एकच. ज्या मेलात आपलं कौतुक लिहेल हाय, ते चोराचं. सरकारला आपलं कौतुक करायचं असतं तर जातीचा दाखला पहिल्याच चकरेत मिळाला असता." लोक हसायचे. तो मात्र हसत नसे.

त्याचं कारण मिथुन होता. सहा वर्षांपूर्वी गावातल्या दुर्गाबाईच्या या मुलाला पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. तुमची निवड झाली आहे, अभिनंदन. तो मेल देवानंदनंच मोठ्यानं वाचून दाखवला, त्याची रंगीत प्रिंट काढली आणि पेढेही त्यानंच मागवले. मिथुन बियाण्याच्या दुकानातलं हातचं काम सोडून पुण्याला गेला. दिलेल्या पत्त्यावर इस्त्रीचं दुकान निघालं. परत आला तेव्हा इथलं कामही दुसऱ्याला गेलेलं होतं. दुर्गाबाई सेंटरवर आली. शिवी नाही, शाप नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना, भाऊ."

त्या आठवड्यात देवानंद जेवला का नाही हे त्याच्या बायकोला, प्रभावतीला, विचारा. शेवटी त्यानं उपाय केला. मेलला एक चाळणी लावली. काँग्रॅच्युलेशन्स, सिलेक्टेड, विनर, अभिनंदन, बधाई असे शब्द एकेक करून तिच्यात घातले. यातला एकही शब्द असलेला मेल समोर दिसायच्या आधीच कचऱ्यात जाणार, आणि तीस दिवसांनी तिथूनही आपोआप पुसला जाणार. सरकारी मेल रुक्ष असतात. त्यांत अर्ज क्रमांक असतो, सूचना असते, पण अभिनंदन नसतं, म्हणून ते चाळणीतून बराबर खाली उतरायचे. सहा वर्षांत एकही माणूस फसला नाही. देवानंदला या चाळणीचा जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या मुलाच्या टक्क्यांचाही नव्हता.

अलमास ही पिंपळगाव रेणुकाईच्या फकरोद्दीनभाईंची मुलगी. फकरोद्दीनभाई गाद्या-रजया भरतात. कापूस पिंजायच्या मशीनशेजारी बसून या मुलीनं बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के काढले होते. पुण्यात एका ट्रस्टचं नर्सिंगचं कॉलेज होतं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण जागा चाळीसच, आणि अट अशी की बारावीनंतर दोन वर्षांच्या आत प्रवेश झाला पाहिजे. अलमासचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. मुलाखत चांगली गेली आणि प्रतीक्षा यादीत चौथा नंबर लागला. वरचे तिघे आत गेले की पुढचा मेल तिला येणार होता. फॉर्मावर नंबर अब्बांचा होता, आणि ते सिम मधल्या काळात बंद पडलेलं. राहिला ईमेल. तो अर्थातच देवानंदचा.

ती दर तीन-चार दिवसांनी यायची. "काका, आलं का?"

"न्हाई पोरी."

गेल्या गुरुवारी ती जरा जास्त वेळ उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काका, कचऱ्यात बी बघा ना एकडाव. माझी मैत्रीण म्हणत होती, कधी कधी तिकडं जातंय."

देवानंद हसला. तुच्छतेनं नाही, मायेनंच हसला. "पोरी, तिथं मी सहा वर्षांपासून चोर कोंडून ठेवलेत. तिथं तुझं काय काम? आलं की मी सोता निरोप धाडतो. तू निवांत घरी जा."

ती गेली. देवानंदनं दुसऱ्याचा सातबारा काढायला घेतला.

सोमवारी दुपारी अर्पिता आली. भोकरदनचीच मुलगी, अलमासच्या वर्गातली. हिचा स्वतःचा ईमेल होता, तिच्या भावानं मोबाईलवर काढून दिलेला. तिनं मोबाईल पुढे केला. चेहरा नुसता फुललेला. "सर, याची प्रिंट पाहिजे. पुण्याच्या कॉलेजचं आलं. आज सकाळीच."

देवानंद मोबाईलकडे बघत म्हणाला, "व्वा. तुझा कितवा होता वेटिंगला?"

"पाचवा. अलमासचा चौथा. मला आलं म्हणजे तिला आधीच आलं असंन ना, सर? फोनच लागंना तिचा. दोघी संगंच जाऊ म्हणलं होतं."

देवानंदचा हात माऊसवर थांबला. त्यानं अर्पिताला बाकड्यावर बसवलं आणि स्वतःचा मेल उघडला. अलमास शेख. काही नाही. कॉलेजचं नाव टाकलं. अर्ज मिळाल्याची जुनी पोच, मुलाखतीचं बोलावणं, प्रतीक्षा यादी, बाकी काही नाही. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो कचऱ्यात उतरला. महिन्याभराचे अठराशे मेल. लॉटऱ्या, परदेशातल्या बेवारस संपत्त्या, वजन उतरवायच्या गोळ्या. त्यांच्यामध्ये तो मेल होता. मागच्या सोमवारचा. काँग्रॅच्युलेशन्स, डिअर अलमास. तुमची निवड झाली आहे. रविवारी सायंकाळी पाचपर्यंत या मेलला उत्तर देऊन प्रवेश निश्चित करावा, अन्यथा जागा पुढील उमेदवारास दिली जाईल. वर शुक्रवारी पाठवलेलं स्मरणपत्रही होतं. त्याच्याही पहिल्या ओळीत अभिनंदन होतं.

त्यानं तारखा तीनदा वाचल्या. गुरुवार. गुरुवारी ती इथं उभी होती आणि मेल तिच्यापासून दोन हातांवर या डब्यात पडून होता. आपण हसलो होतो.

"काय झालं सर?" अर्पितानं विचारलं.

"काही न्हाई. आलोच." तो फोन घेऊन मागच्या अरुंद खोलीत गेला, जिथं जुने प्रिंटर ठेवलेले असतात. मेलखालच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, शांत आवाजाच्या.

देवानंदनं एका दमात सगळं सांगितलं. मुलीची काही चूक नाही, मेल माझ्याकडं आला, तो चुकीच्या जागी गेला, फक्त एक दिवस उशीर झालाय, म्हणाल तर आत्ता गाडी करून तिला पुण्याला घेऊन येतो.

"सर, आम्ही दोन वेळा मेल केला. फोनही केला, तो बंद होता," बाई म्हणाल्या. "आज सकाळी ती जागा पुढच्या उमेदवाराला दिली. तिचा होकारही आला."

"मॅडम, मशीननं गडबड केली हो. पोरगी लई हुशार हाय."

"मला पटतंय, सर. पण आता मी कुणाला काढू?"

जिला काढायचं ती बाहेर बाकड्यावर बसून आईला फोनवर बॅगा भरायला सांगत होती. आणि मशीननं गडबड केलीच नव्हती. मशीननं देवानंद बोर्डेनं सांगितलेलं तंतोतंत ऐकलं होतं, सहा वर्षं, एक दिवस न चुकता.

तो बाहेर आला आणि अर्पिताची प्रिंट काढून दिली. मशीनमधून कागद सरकत आला तेव्हा पहिली ओळ आधी दिसली. तोच मजकूर, नाव वेगळं.

"अलमासला आलंय का मंग?" अर्पितानं विचारलं.

"मी बोलतो तिच्याशी," देवानंद म्हणाला. त्याला पोरीच्या डोळ्यांकडं बघवलं नाही.

ती गेल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. पडद्यावर कचरा उघडा होता आणि वरच्या बाजूला एक बटण होतं, सगळं कायमचं पुसून टाका. ते दाबलं असतं तर संपलं असतं. मेल आलाच नाही म्हणायचं. कॉलेज पुण्यात, पोरगी पिंपळगावात, कोण शोधायला जातंय? देवानंदनं त्या बटणावर बाण नेला, हे लपवण्यात अर्थ नाही. बराच वेळ तिथंच ठेवला. पण त्याचं मन दुसऱ्याच ठिकाणी जाऊन अडकलं होतं. या डब्यात फक्त तीस दिवस राहतात. चाळणी लावून सहा वर्षं झाली. अलमासचा मेल अर्पितामुळे सापडला. बाकीच्यांना अर्पिता कुठून येणार होती? सर्जेरावच्या पोराचा बँकेचा अर्ज होता, तो आता वीटभट्टीवर आहे. भावना नावाची एक मुलगी वर्षभर विचारायला येत होती, मग यायची बंद झाली. त्या सगळ्यांना त्यानं याच खुर्चीतून 'न्हाई' म्हणून सांगितलं होतं, अगदी खात्रीनं. ते खरं होतं की खोटं, हे आता कुणालाच, कुठल्याच मशीनमधून काढून दाखवता येणार नव्हतं. मिथुनच्या आईला तोंड दाखवता येईना म्हणून त्यानं हे केलं होतं. आता किती आयांना तोंड दाखवायचं याची यादीसुद्धा उरली नव्हती. देवानंदनं दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं आणि भरदुपारी, उघड्या दुकानात, तो रडला.

मग उठला, तोंड धुतलं, अलमासच्या मेलची प्रिंट काढली आणि पिंपळगावला निरोप धाडला.

चारच्या गाडीनं बाप-लेक दोघं आली. फकरोद्दीनभाईंच्या भुवयांवर कापसाचे कण तसेच होते, काम टाकून आले होते. अलमासनं दारातच कागद पाहिला. तिचा चेहरा उजळला तेव्हा देवानंदला वाटलं, आपण आत्ता इथंच मेलो तर बरं होईल.

"आलं?" ती म्हणाली.

"बस आधी." त्यानं दोघांना बाकड्यावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. सगळं सांगितलं. चाळणी, शब्द, कचरा, तारीख, पुण्याचा फोन. जागा कुणाला गेली तेवढं मात्र सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "भाई, चूक माझी हाय. मशीनची न्हाई, माझी. मला जे म्हणायचं ते म्हणा."

फकरोद्दीनभाईंना अर्धंच कळलं होतं, पण जे कळायचं ते लेकीच्या तोंडाकडं बघून कळलं.

अलमासनं कागद हातात घेतला. खालपर्यंत वाचला. मग अगदी हळू विचारलं, "काका, गुरुवारी मी आल्ते, तवा हे इथंच होतं?"

"होतं."

"तुम्ही बघितलं असतं तर?"

"मिळालं असतं."

तिनं मान हलवली. रडली नाही. हिशोब जुळवून बघतात तसे बोटांवर गुरुवार ते रविवारचे दिवस मोजले. बाहेर सिल्लोडची गाडी लागली आणि कंडक्टर ओरडत होता.

फकरोद्दीनभाईंनी लेकीच्या हातातून कागद घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी वरच्या ओळीवर जाड बोट ठेवलं. "देवानंदभाऊ, ये क्या लिखा है?"

"मुबारकबाद लिहेल हाय, भाई. अलमासला मुबारकबाद. तुमची निवड झाली म्हणून."

"पूरे पूना में से?"

"पूर्ण महाराष्ट्रातून."

फकरोद्दीनभाई कागदाकडं बघत राहिले. "भाई बोलता था मेरा, लडकी को फुकट पढाया, कुछ निकलने का नहीं उसमें से," ते म्हणाले. "ये कागद को लॅमिनेशन कर दो, भाऊ. घर में लगाता. सबको दिखाता, मेरी बेटी पास हुई थी."

देवानंदनं लॅमिनेशनचं मशीन चालू केलं. त्यानं कागद प्लास्टिकमध्ये बसवायला घेतला. तो दोनदा तिरका गेला, तिसऱ्यांदा सरळ बसला.

"अब्बा, नको," अलमास म्हणाली. "उसमें तारीख लिखी है."

"तारीख कौन पढता बेटा," फकरोद्दीनभाई म्हणाले. "लोगां पहली लाइन पढते."

"मैं पढूँगी ना, अब्बा."

मशीननं कागद तोवर आत ओढून घेतला होता.