बाबांच्या हातचा करवान

आखातात, जनाबियातल्या ज्या घरी मी चौदा वर्षं स्वयंपाक करतो, तिथल्या म्हाताऱ्या मालकांना आम्ही सगळे कामगार ‘बाबा’ म्हणतो. सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. माझे स्वतःचे बाबा तेव्हा गावी हयात होते, आणि हे बाबा तर सकाळी उठल्या उठल्या चहावरून मला झापायचे. पुढे सवय झाली. सवयीमागून माया कधी आली ते मात्र कळलं नाही.

बाबा पक्के शिकारी. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन समुद्रावरच्या कॉजवे-पुलापलीकडच्या वाळवंटात जायचे आणि ससाण्याकडून करवान मारून आणायचे. करवान म्हणजे आपल्या टिटवीचा थोराड भाऊ, लांब पायांचा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा. ज्याची शिकार त्यानेच साफ करायची, असा बाबांचा नियम होता; मुलं टाळायची, म्हणून मी मदतीला. पहिल्याच वर्षी मी पक्षी कोंबडीसारखा बुचकळायला उकळतं पाणी घेऊन गेलो, तर “मफी पानी! मफी पानी!”, पाणी नको, म्हणून ते असे ओरडले की पाणी माझ्याच पायावर सांडलं. मग त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. पिसं कोरडीच काढायची, छातीकडून सुरू करायचं, चिमटीत तीन-चारच धरायची. मूठभर ओढली की पातळ कातडं सोबत येतं. त्यांच्या बोटांत पक्षी जणू आपणहून कपडे उतरवायचा. दोन-तीन हिवाळ्यांत माझाही हात बसला, आणि मला त्याचा गर्वही झाला. कशाला खोटं बोलू?

गेल्या वर्षी बाबांचे हात थरथरायला लागले. आधी गाडीची किल्ली गेली. मग ससाणा धाकट्या मुलाकडे गेला. या हिवाळ्यात तर मुलं त्यांना न घेताच शिकारीला निघाली. थोरला मुलगा माणूस चांगला, पण त्याचा चांगुलपणा फार घाईचा. निघण्यापूर्वी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “बाबांना पक्षी साफ करू देऊ नकोस. आणि हट्ट केलाच तर ही शेवटची वेळ. काही गडबड झाली की सुरी बंद.” मी मान डोलावली. पगार घेणाऱ्याची मान डोलायलाच असते.

शुक्रवारी सकाळी बर्फाच्या पेटीतून नऊ करवान आले आणि मुलं झोपायला गेली. मी मागच्या अंगणात परात मांडतोय तोच बाबा फडक्यात गुंडाळलेली आपली सुरी घेऊन हजर. बुटक्या स्टुलावर बसले आणि हात पुढे केला. मी काय करणार? थोरल्याचं बोलणं आठवत होतं, पण त्या पुढे केलेल्या हाताला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यातल्या त्यात गुबगुबीत पक्षी निवडून त्यांना दिला.

गार पडलेल्या पक्ष्याची पिसं चिवट असतात. मी आठ साफ केले, आतडी काढली, शेगडीच्या जाळावर उरलेली लव होरपळून घेतली, तरी बाबा छातीवरच होते. चिमूट पिसापर्यंत जायची आणि हुकायची. मग मी उगाच कांदे सोलायला घेतले. इतके कांदे त्या दिवशी लागणार नव्हते. मदत करू का, असं तीनदा ओठांवर आलं आणि तीनदा गिळलं.

तासाभराने पक्षी उघडा झाला, कातडं चार ठिकाणी फाटलेलं. बाबांनी पोटाला सुरी लावली, हात थरथरला, आणि सुरी नको तितकी आत गेली. कलेजीवरून हिरवं पसरलं. पित्त फुटलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कांद्याकडे. ते हात धुवून नमाजासाठी तयार व्हायला गेले.

मी तो पक्षी पाच पाण्यांनी धुतला आणि माझ्यापुरता वेगळ्या पातेल्यात शिजवायला काढला, म्हणजे प्रकरण माझ्याच पोटात गेलं असतं. तेवढ्यात थोरला पाणी प्यायला आला आणि त्याने तो पाहिला.

“ये किसने किया?”

“मैंने, सर. हाथ फिसल गया.”

आमच्याकडे पाहुण्याच्या हातून पेला पडून फुटला, तर घरची बाई चटकन म्हणते, मीच मेला काठावर ठेवला होता. माझ्या तोंडून ते तसंच निघालं, विचार न करता. थोरल्याने बरं म्हटलं आणि वळला. दारात बाबा उभे होते, धुतलेल्या पांढऱ्या पायघोळ थोबात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मशिदीला निघून गेले.

दुपारी भाताच्या मोठ्या थाळ्यावर मी आठ करवान मांडून नेले. बाबांनी नजर फिरवली आणि मला विचारलं, “मेरा किधर है?” मी थोरल्याकडे पाहिलं. बाबा मुलांना अरबीत म्हणाले, आणि चौदा वर्षांत तेवढी अरबी मला आली आहे: “हा खोटं बोलला. याच्या हातून कधी कातडं फाटत नाही. तो माझा पक्षी आहे. आणा.”

आणला. बाबा सावकाश खात राहिले. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. थोरला म्हणाला, “बाबा, राहू दे ना,” तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग त्यांनी एक तंगडी रोटीवर ठेवून मला दिली. त्यांच्यासमोर मी कधी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

“कैसा है?”

“अच्छा” हा शब्द तयारच होता. पण त्यांनी माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही.

“कडवा है, बाबा.”

बाबा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, “बराबर. बहुत कडवा.” मग गादीजवळ ठेवलेली फडक्यातली सुरी उचलली आणि मूठ माझ्याकडे करून धरली. “अगली बार चाकू तुम पकडना. पंख निकालूंगा मैं. कितना भी टाइम लगे. यल्ला, ले.”

मी ती दोन्ही हातांनी घेतली, स्वयंपाकघरात आलो आणि तिथेच उभा राहिलो. मला ती नको होती; ती बाबांच्याच हातात हवी होती.