पाचवं नाव

वेल्डिंग झालेल्या जोडावर आप्पा पान्ह्याच्या पाठीनं हलकेच टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. शेजारी ग्राइंडर किंचाळत असो, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जात असो, त्यांना हवा तो आवाज बरोबर ऐकू यायचा. जोड नीट बसला असेल तर एक शब्द न बोलता पुढच्या जोडाकडे वळायचे. नसेल तर डोळे उघडून म्हणायचे, "कच्चं हाय." वेल्डर निमूटपणे पुन्हा बसायचा.

परभणीच्या औद्योगिक वसाहतीत तुमचं कधी येणं झालं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा शर्ट, त्याला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. सगळी वसाहत त्यांना आप्पाच म्हणायची. त्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आणि ट्रॉल्या बनायच्या. माझी शेड समोरच. मी शिकलेला म्हणून ते मला 'इंजिनेर' म्हणायचे, आणि मी काढलेलं ड्रॉइंग मुद्दाम उलटं धरून बघायचे. "उलटं का धरता आप्पा?" असं विचारलं तर म्हणायचे, "सुलटं तुमी बगितलंच असंल की."

आमच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेचे सचिवही तेच होते. म्हणजे पाण्याचा नळ फुटला, दिवा गेला, दोघांचं भांडण झालं की सगळे त्यांच्या दारात.

तर ही गोष्ट आहे एका जेवणाची.

बाहेरून तयार यंत्रं यायला लागली आणि आप्पांचं काम आटलं. त्यांच्या नऊ माणसांपैकी तीन पुण्याकडे निघून गेली. उरलेल्या सहांना बसवून कसं ठेवायचं म्हणून त्यांनी एकच जुनी ट्रॉली दोनदा रंगवून घेतली. अशात पुण्याच्या एका मोठ्या अवजार कंपनीचे एक अधिकारी, आप्पांनीच संघटनेच्या नावानं केलेल्या खटपटीनं, परभणीला यायला तयार झाले. पेरणी यंत्रांचे सांगाडे बनवायचं काम पाच शेडना द्यायचं होतं. पण इथे खरंच कामाची माणसं आहेत का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. सगळ्यांसोबत दुपारचं जेवण करतो आणि तीनच्या रेल्वेनं परत जातो, असं त्यांनी कळवलं.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. "इंजिनेर, हे काम आलं न्हाई तर माझ्या शेडला दिवाळीत कुलूप बसतंय. सहाही जण पुण्याला जायलेत म्हणा. आन् गेलेलं माणूस परत येत न्हाई." एवढं सरळ ते कधी बोलत नसत. मी म्हणालो, काळजी करू नका, सगळा इंतजाम माझ्याकडे.

मी जोरात कामाला लागलो. फ्लेक्स छापला, 'नेटवर्किंग लंच'. आप्पा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"नेटवर्किंग म्हंजी?"

"ओळखीपाळखी वाढवायच्या, आप्पा."

"मग तसंच लिव्हायचं की. दोन शब्द वाचवायला गेलात का?"

निमंत्रण मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत चौतीस जणांनी हात जोडल्याची खूण पाठवली. मी चौतीस ताटं धरली, आचाऱ्याला येसर आमटी, वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि बुंदी सांगितली. नेमकं त्या आठवड्यात आप्पांचं पाथरीला नातेवाइकांकडे जाणं झालं, ते आदल्या संध्याकाळी परतले. "समद्यांना सांगितलं ना?" त्यांनी विचारलं. मी मोबाइल दाखवला. त्यांनी जोडलेल्या हातांची रांग खालपर्यंत बघितली आणि मोबाइल परत दिला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता साहेब आले. संघटनेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये चौतीस खुर्च्या, कूलर, टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या. आप्पांनी शाल दिली, "मी हितला सचिव," एवढीच ओळख करून दिली. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. हॉलमध्ये आम्ही तिघं आणि आचारी. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, मग दारातून बाहेर बघितलं. बाहेर नुसतं ऊन.

मी एकेकाला फोन लावायला लागलो. एकानं उचलला. "काय झालं?" मी विचारलं. "कुठं काय? बसलोय," तो म्हणाला. "मग या ना!" तर तो घुटमळला आणि म्हणाला, "येतो की. बोलावणं येऊ द्या."

आपल्याकडचा हा रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. लहानपणापासून बघत आलो होतो. आवतन आदल्या दिवशी देतात, पण पानं मांडली की घरचं कुणीतरी पुन्हा जाऊन दारात उभं राहतं आणि "चला जेवायला" म्हणतं. त्या दुसऱ्या हाकेशिवाय उठून जाणं म्हणजे हावरटपणा. पण हे माझं लंच होतं, फ्लेक्सवालं, त्याला हा रिवाज कशाला लागेल असं मी धरून चाललो होतो. मी आप्पांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"आवतन कच्चं राह्यलं," ते म्हणाले.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि मोपेडची किल्ली काढली. उन्हात हिंडू नका असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं होतं, त्याची मी आठवण करून दिली. "तुमी मेहमानाला आमटी चाखायला द्या," ते म्हणाले, "आन् बोलत ऱ्हावा." मी जातो म्हटलं तर म्हणाले, "तुमी गेलात तर येतील, पन तोंड पाडून. म्हातारं दारात आलं की न्हाई म्हनता येत न्हाई."

पुढचा पाऊण तास कसा काढला ते माझं मला माहीत. साहेबांना मी कापसापासून कूलरपर्यंत सगळं सांगितलं. तेवढ्यात पहिले तिघे आत आले. धुतलेले शर्ट, विंचरलेले केस, कपाळाला ताजा टिळा. म्हणजे सकाळपासून तयार होऊन हे लोक आपापल्या शेडमध्ये फाटकाकडे डोळे लावून बसले होते! मला हसावं की रडावं कळेना. त्यांच्यामागे दोन, मग पाच, मग एकदम घोळका. दर वेळी बाहेर मोपेडचा आवाज यायचा, थांबायचा आणि पुन्हा दूर जायचा. आप्पा आत येतच नव्हते.

दीड वाजता हॉल भरला. बोलणी सुरू झाली, वेल्डरनं वेल्डरला पकडलं, साहेबांच्या ताटात तिसऱ्यांदा आमटी पडली. मोठं लेथ मशीन ज्याच्याकडे आहे तो एकटाच आला नव्हता. तो पिंगळीच्या रस्त्याला, वसाहतीच्या बाहेर, आणि भयंकर मानी. आप्पा त्याला आणायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं.

सव्वादोनला साहेबांनी हात धुतले आणि मला व्हरांड्यात बोलावलं. "मी खूश आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना ओळखता. पाच शेडची नावं लिहून द्या. बाकीचं पुण्याहून कळवतो."

चार नावं मी भराभर लिहिली. त्यांत मोठ्या लेथवाल्याचंही होतं, तो अजून यायचा होता तरी. मग पेन थांबलं. माझ्या शेडमध्येही दोन महिन्यांपासून धड काम नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं.

साहेबांनी सहज विचारलं, "ते मघाचे वयस्कर गृहस्थ, त्यांचंही वर्कशॉप आहे का?"

मी म्हणालो, "ते संघटनेचं बघतात."

आणि पाचवं नाव लिहिलं. माझं.

साहेबांना स्टेशनवर नेणारी गाडी फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा समोरून मोपेड आली, मागे लेथवाला बसलेला. आप्पांचा चेहरा उन्हानं काळा-तांबडा झाला होता. त्यांनी जाणाऱ्या गाडीला हात केला. मग आत येऊन भरलेला हॉल बघितला आणि एवढे मोठ्यानं हसले की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी त्यांचं ताट वाढलं. बुंदी जरा जास्तच घातली.

काम आलं. पाच शेडना आलं. दिवाळी झाल्यावर आप्पा आपल्या सगळ्यात चांगल्या वेल्डरला घेऊन माझ्याकडे आले. उरलेल्या पाच जणांना त्यांनी बाकीच्या चार शेडमध्ये लावून दिलं होतं. "ह्याला तुमी ठिवा," ते म्हणाले. "समदे गावातच राह्यले बगा." चहा आला. मग बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "इंजिनेर, त्या यादीत माझं नाव राह्यलं का हो?"

"गडबडीत राहून गेलं, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले, "गडबड लयच झाली त्या दिशी." आणि फुंकर घालून चहा प्याले.

मला लाज वाटली. अजून वाटते. पण त्या दिवशी मी खरं सांगितलं नाही, आणि नंतर दर महिन्याला सांगू सांगू म्हणत राहिलो. त्यांची शेड एका पशुखाद्यवाल्यानं गोदामासाठी घेतली.

यंदा आप्पा गेले. त्याच पत्र्याच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आता सचिव मी आहे, म्हणून पहिल्यांदा मलाच बोलायला उभं केलं. मी त्या जेवणाची गोष्ट सांगितली, ते उन्हातान्हात कसे दारोदार फिरले ते सांगितलं. बायाबापड्यांनी डोळे पुसले. यादीचं मी बोललो नाही.

खाली उतरलो तेव्हा त्यांची मुलगी पुढे आली. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"दादा," ती म्हणाली, "आप्पा शेवटपर्यंत तुमचं लय नाव घ्यायचे."