फळीवरचं उत्तर

मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता ‘ठेवूनजा’ म्हणायचा. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं. जिन्याखाली त्याचं दुकान. गिऱ्हाईक वस्तू पुढ्यात ठेवायचं, हा स्क्रू काढून आत डोकावायचा, जळक्या कॉइलचा वास यायचा. मोटर कायमची गेलीय हे त्याला तिथल्या तिथे कळायचं. तरी तोंडातून एकच निघायचं, “ठेवून जा. बघू.” समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवत नसे. मग ती वस्तू मागच्या फळीवर जायची आणि हेलपाटे घालून कंटाळलेलं गिऱ्हाईक आपोआप यायचं थांबायचं. हाताने हुशार आणि जिभेने भित्रा, असा हा गडी.

त्याची थोरली बहीण नेमकी उलटी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लग्न राहून गेलं की तिने केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. जन्मभर तिने शाळेत गणित शिकवलं. अंगावर पिवळेपणा चढला, अन्न जाईना, तेव्हा तिला दवाखान्यात ठेवलं. तपासण्या झाल्या, पोटातला तुकडा काढून तपासायला पाठवून झाला. पण झालंय काय ते कुणी सांगेना. नर्स डॉक्टरांकडे बोट दाखवायची, डॉक्टर रिपोर्टकडे.

“काय म्हणाल्या डॉक्टर?” ताईने विचारलं.

“रिपोर्ट आलाय. सोमवारपासून सलाइनमधून औषध सुरू करू म्हणतात.”

“कशावरचं औषध?”

तो पाण्याची बाटली भरायला उठला.

“बाटली भरलेलीच आहे. बस खाली. तू त्यांना विचारतोस तरी काय?”

“हेच, की काळजीचं काही नाही ना.”

“गाढवा, हा काय प्रश्न झाला? उत्तर आपणच सांगायचं आणि समोरच्याला नुसती मान हलवायला लावायची.” ताईला धाप लागली, पण ती थांबली नाही. “सरळ विचार. काय झालंय, बरी होणार का, आणि त्या औषधाने माझ्या पदरात काय पडणार. बरी होणार असेन तर केस गेले तरी चालतील. होणार नसेन तर मला घरी जायचंय, माझ्या खिडकीशी. सोमवारच्या आत मला सांग.”

“तूच विचार ना, ताई.”

“विचारलं. म्हणाल्या, आजी, आराम करा.” तिने नाक मुरडलं. “आजी म्हणे.”

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्या फाइल काखेत मारून निघायच्या बेतात होत्या. ‘काळजीचं’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता, तो त्याने गिळला.

“औषध सुरू तर करू,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

असा ‘बघू’ तो जन्मभर लोकांना म्हणत आला होता. आता विचारायचं राहिलंच काय होतं? तसाच माघारी फिरावा असं त्याला वाटलं. पण तिकडे खाटेवर ताई वाट बघत होती. तो आत शिरला आणि न सांगता खुर्चीवर बसला.

“बाई, मी दुरुस्तीचं काम करतो. वस्तू गेलेली असली की मीही असंच म्हणतो. माझ्या बहिणीला खरं ऐकायचंय. तिला काय झालंय?”

त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, दार लोटलं आणि समोर बसल्या.

“तुम्ही रोज दारातूनच विचारून निघून जायचात,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नाहीये. तरी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं मी.”

मग त्यांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. बरा होणार नाही. औषधाने कदाचित थोडे दिवस वाढतील, पण ते दिवस उलट्यांत आणि थकव्यात जातील. घरी न्यायचं असेल तर दुखण्यावर औषधं देता येतील, नर्स घरी येऊ शकेल.

“किती दिवस?”

“नक्की कुणालाच सांगता येणार नाही. काही महिने. वर्ष नाही.”

तो वॉर्डात आला तेव्हा ताई जागीच होती. त्याने स्टूल ओढलं.

“ताई, तसं बघ, डॉक्टर म्हणतात की...” जीभ जुन्या वाटेला लागली होती.

“डॉक्टर राहू देत. तू सांग.”

“तू बरी होणार नाहीस,” तो म्हणाला.

एवढं निघाल्यावर बाकीचं आलं. कॅन्सर, यकृत, औषध, महिने. काही न गाळता. ताई छताकडे बघत ऐकत राहिली, पोराने पाढा शेवटपर्यंत म्हणेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, तशी.

“बरोबर,” ती अखेर म्हणाली. मग तिची हनुवटी थरथरली. हे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. “मला वाटत होतं, माझंच गणित कुठेतरी चुकत असेल.”

‘असेलही, बघू’ त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने चादरीतून हात काढला, तो त्याने धरला.

सोमवारी ती घरी होती, खिडकीशी. खाट त्यानेच सरकवली. नंतर ती झोपलीय असं बघून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ मोठा सोडून रडला.

“नळ बंद कर,” आतून आवाज आला. “इथे येऊन रड.”