कोंडीबाबांचा कळप

कोंडीबाबा पियानोची एक पट्टी दाबायचे आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत दुसरीला बोट लावायचे नाहीत. महाडच्या माझ्या क्लासात पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच. सत्तरीच्या पुढचं वय, डोक्याला टॉवेल, चपला जिन्याखालीच काढलेल्या. मला वाटलं, नातवंडाचं नाव घालायला आले असतील. ते सरळ पियानोपाशी गेले, एकेक पट्टी दाबून डोळे मिटून ऐकू लागले आणि पाचव्या पट्टीला म्हणाले, "ही काजळी."

"काजळी कोण?"

"आमची गाय. तिच्या गळ्यातली घंटा अशीच वाजायची. बाय गो, मला माझी गुरं वाजवायला शिकव."

आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथे त्यांच्या पत्नी, आज्जी, अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या दवाखान्यात असतानाच मुलानं दोघांना कायमचं महाडला आणायचं ठरवलं आणि बाबांनी सगळी गुरं देऊन टाकली. आज्जींना न विचारता. घंटाही गुरांबरोबरच गेल्या, कारण सवयीचा आवाज तुटला की जनावर बावरतं. हे कळल्या दिवसापासून आज्जींनी नवऱ्याशी अबोला धरला. "त्यांना वाढ गो," एवढं सुनेला सांगायच्या, बस्स.

"शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," बाबा म्हणाले. "पाच महिने झाले. सांज झाली की खिडकीकडं कान लावून पडती. तिला गुरं घरी आलेली ऐकवायची हायत."

मी शिस्तीची बाई. परीक्षेला बसणारी मुलं माझ्याकडे येतात आणि पहिला महिना नुसती बोटं वळवतात. बाबांचं एकच बोट चालायचं. अंगठा वापरा म्हटलं, तर म्हणाले, "अंगठा धार काढायला." काळ्या पट्ट्यांना ते शिवायचेच नाहीत. "त्या शेळ्या हायत, असू देत कडेला." तालाचं यंत्र लावलं तर दोन मिनिटं ऐकून त्यांनी ते हातानं बंद केलं. "घाई वाघाला. गुराला नाय." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय, की आता चुकून मुलांनाही म्हणते.

एकदा मी फोनवर बोलून परत आले, तर पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तांबडे ठिपके. पोळ्याला शिंगांना लावतात तो गेरू! पुडीत बांधून आणला होता. मी भडकलेच. लाखभर रुपयांची वस्तू ती. बाबा धोतराच्या सोग्यानं ठिपके पुसू लागले आणि खाली मान घालून म्हणाले, "माझी गुरं दुसऱ्याच्या गुरांत मिसळत होती, बाय. म्हणून खूण केली." माझा राग कुठल्या कुठे गेला. माझीच मला लाज वाटली. कापसाच्या बोळ्यानं गेरू लावून मीच ते ठिपके पुन्हा नीट रंगवून दिले.

कळप घरी येतो तो ठरल्या क्रमानं. पुढे काजळी, मागे पवळी, मग चांदी, मग रेंगाळणारी भुरी. मध्येच दोघी एकदम, कारण वाट अरुंद होते तिथे त्या ढकलाढकली करतात. दोन पट्ट्या एकत्र दाबायला त्यांना तीन आठवडे लागले. जमल्यावर ते इतके हसले, की शेजारच्या शिंप्यानं दारातून डोकावून पाहिलं.

अखेर एका संध्याकाळी मी लहान कीबोर्ड काखोटीला मारून त्यांच्या घरी गेले. आज्जी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाबा पाटावर बसले. काजळी आली, पवळी आली, चांदी आली. वाटेवरची ढकलाढकलीही बिनचूक झाली. शेवटी भुरी गोठ्यात शिरली आणि आवाज विरला. आज्जी हलल्या नाहीत. मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "आनी तांबी?"

हे नाव मी प्रथमच ऐकत होते. बाबांचा चेहरा उतरला. "तिला वाजवायचा धीर नाय झाला गो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आई मेलेलं वासरू होतं. हिनं बाटलीनं पाजून वाढवलं."

"कोनाला दिलीत?"

"उमरठला. मानूस चांगला हाय."

"गाभन होती ती."

"व्याली. पाडी झाली. मी बघून आलोय, तांबडीच हाय, आईसारखी."

आज्जी मोठ्या कष्टानं कुशीवर वळल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा टॉवेलात तोंड खुपसून रडत होते.

"रडताय काय? रिक्षा बघा उद्या. मला न्या तिकडं."

त्यानंतर कोंडीबाबा क्लासला आले नाहीत. कुठल्याही विद्यार्थ्याच्या गैरहजेरीचा मला एवढा आनंद कधी झालेला नाही.