मिस्त्रीची उतरती फरशी

हजार सीसीचं, तीन सिलिंडरचं ते पेट्रोल इंजिन दिसलं की मिस्त्रीचं डोकं फिरायचं. "इंजिन आहे की शिवणयंत्र?" तो म्हणायचा. "उभ्या उभ्या थरथरतं, ऑइल पितं आणि बोलणी मात्र मला खायला लावतं!"

आज बायकोचा भाऊ तसल्याच इंजिनाची गाडी आणि तीच तक्रार घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात हजर. वळणावर ऑइलचा लाल दिवा लागतो म्हणे. सेन्सर बदलून झाला, पंप बदलून झाला. ऑइल मोजायची पट्टी ओढावी, तर ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं.

"दाजी, घरी बघितलं तर पट्टी कोरडी निघते," मेहुणा चाचरत म्हणाला.

"मग तुझं घर वाकडं असेल!" मिस्त्री खेकसला.

त्या तावातावात हातातला नट निसटला आणि नेहमीसारखा घरंगळत दारातल्या गटाराच्या जाळीकडे निघाला. गाड्या धुतलेलं पाणी आपोआप वाहून जावं, म्हणून गॅरेजची फरशी मिस्त्रीनेच हौसेने उतरती करून घेतली होती.

ओठावर आलेली शिवी तिथेच अडली. गाडीचं तोंडही जाळीकडेच होतं. ऑइल सगळं पुढे, पट्टीपाशी गोळा झालेलं.

दोघांनी गाडी ढकलत सपाट रस्त्यावर नेली. जरा थांबून मिस्त्रीने पट्टी ओढली. टोकाला जेमतेम ओल होती.

इतक्यात कोपऱ्यावरून तसलंच इंजिन थरथरत आलं. काच खाली झाली.

"मिस्त्री, कालच तुम्ही ऑइल भरून दिलंत ना? लाल दिवा लागतोय हो!"