पदराच्या गाठीतली पोळी

"शोभा गेली..." बोरगाव मेघेहून दादाचा फोन आला, आणि पाठोपाठ म्हणाला, "तू लवकर येजो. पिल्लाले पाहाले कोणी नाई." रडू फुटायच्या आधी मला हसूच आलं. वहिनीच्या जाण्यातही कुत्र्याचं पिल्लू होतंच, आणि बोलावणं कुणाला, तर कुत्रं दिसलं की गल्ली बदलणाऱ्या मला!

वहिनीचा हा नाद मोतीपासूनचा. मोतीला तिने जिवापाड जपलं, अंगणाबाहेर म्हणून काढलं नाही. दिवाळीला फटाका वाजला तसा तो साखळी तोडून पळाला, तो पुन्हा दिसला नाही. "मीच त्याले घाबरट केलं, जग दाखवलंच नाई," असं ती म्हणे. मग गल्लीतलं कुठलंही बेवारस पिल्लू हाती लागलं की लसीच्या सगळ्या सुया टोचून होईपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू न देता निळ्या थैलीतून फिरवणं सुरू. पिठाची चक्की, बसस्टँड, भाजीबाजार, काठी टेकणारे आजोबा, हेल्मेट घातलेला पोस्टमन... चक्की घरघरली की पदराच्या गाठीतला पोळीचा तुकडा पिल्लाच्या तोंडात. पिल्लू दबकलं तर ती स्वतःच दोन पावलं मागे यायची, बळजबरी कधी नाही. शेवटची परीक्षा तान्ह्या पोळ्याची. लाकडी नंदी घेऊन नटलेली पोरं, ढोलताशे, ही गर्दी! तिथे ज्याने निवांत पोळी खाल्ली, ते चांगल्या घरी जायला मोकळं. मला चिडवायची, "नीताबाई, तुमाले बी लहानपणी थैलीत घालून फिरवाले पाहिजे होतं!"

शेवटचा काळू मात्र अर्धवट राहिला. वहिनी दवाखान्यात गेली आणि तो घरातच अडकला. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. वडनेरचं जे कुटुंब त्याला नेणार होतं, ते पाहून म्हणालं, "हे तं लई भित्रं हाय. आमच्या घरी लहान लेकरं हायेत. पोळा झाला की पाहू." दादा तर उंबऱ्याबाहेरच पडेना. माझा नाइलाज झाला. थैली शोधताना वहिनीचं एक लुगडं हाती आलं. पदराला गाठ तशीच, आत पोळीचे वाळून कडक झालेले तुकडे. ती सोडायचा धीर झाला नाही. लुगडं छातीशी धरून मी पोटभर रडले, आणि मग माझ्या पदराला ताज्या पोळीची गाठ मारली.

तान्ह्या पोळ्याला ढोल वाजला आणि काळू थैलीत थरथरायला लागला. मी घाबरून त्याला घट्ट आवळलं, तर तो आणखीच थरथरला. तेवढ्यात मागून आवाज आला, "दाबू नको त्याले. मागं सरक, अन् तुकडा दे." दादा! इतक्या दिवसांनी घराबाहेर, घरातल्याच बनियनवर... आम्ही लिंबाखाली सरकलो. ढोल वाजला, तुकडा. पुन्हा ढोल, पुन्हा तुकडा. हळूहळू काळूचं नाक बाहेर आलं, मग कान. शेवटी एका पोरीचा नंदी हुंगत त्याने माझ्या हातातली पोळी खाल्ली. दादा डोळे पुसत म्हणाला, "पास झाला, शोभा."

काळू वडनेरला रुळलाय. वहिनीचं लुगडं मी हिंगणघाटला घेऊन आले, गाठ अजून सोडलेली नाही. परवा गल्लीत एक कुत्रं आडवं आलं. मी वळून पळाले नाही. दोन पावलं मागे सरले, आणि हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला...