हळूभाऊंच्या मागे

हळूभाऊ कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यावरून हे मेणाचा साचा करायचे, एकेक दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे आणि डबीत घालून परत पाठवायचे. कवळी ज्याच्या तोंडात जायची तो माणूस त्यांना कधी दिसायचा नाही. एकतीस वर्षं एकच स्टूल, एकच दिवा आणि डोळ्याला भिंग. शहरातले निम्मे म्हातारे यांच्या दातांनी हसत होते आणि यांना रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. पुढे पुढे करणं रक्तातच नव्हतं. लिफ्टमध्ये सगळ्यांना आत सोडायचे आणि जागा उरली नाही की जिना चढायचे. बाजारात बायको पुढे, पिशव्या घेऊन हे मागे.

असा माणूस बावन्नाव्या वर्षी जुनी फोर बाय फोर गाडी घेऊन गाडीवाल्यांच्या क्लबात दाखल झाला, तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावाने काळजीने विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस का?"

कारण असं होतं, की एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता बायको म्हणाली होती, "आता ते तळं काही परत दिसायचं नाही." एवढं बोलून तिने लगेच गॅसच्या सिलिंडरचा विषय काढला. लग्नाआधी दोन वर्षं ती हवामान खात्यात होती. डोंगरावरच्या पठारावर पावसाचं आणि वाऱ्याचं मोजमाप करायला तिची नेमणूक होती आणि तिथे एक तळं होतं. तेव्हा ती चार तास चालून वर जायची. आता गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली होती आणि दुसऱ्या मजल्यावर जायचं म्हटलं तरी ती आधी कठड्याकडे बघायची. हळूभाऊ बायकोचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चौकशी केली. पठारावर गाडीरस्ता होता, पण एकट्या गाडीला बंदी होती. क्लबाचा ताफा आणि सोबत क्लबाने मान्य केलेला म्होरक्या, तरच वर सोडायचे. आणि क्लबातल्या म्होरक्यांना पठाराचं नाव काढलं तरी जांभई यायची. रस्ता वाईट, वेळ फार आणि वर जाऊन बघायचं काय, तर पाणी. त्यांना वाळू हवी होती, चिखल हवा होता, फोटो हवे होते.

म्हणजे न्यायचं तर आपणच न्यायला हवं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या वरातीतही पुढे चालणं टाळलं, त्यांनी आता ताफ्याचं पुढारपण करायचं होतं. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, "जरा मोकळी हवा." बायको हसली नाही, पण तिला कळलं होतं. तिला सगळंच कळायचं.

क्लबात शिकवायला आत्या होत्या. पासष्टीच्या, सडपातळ, तीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेल्या. सगळा क्लब त्यांना आत्याच म्हणायचा आणि त्यांना टरकून असायचा. हळूभाऊ हे नावही त्यांनीच ठेवलं. पहिल्या दिवशी वॉकीटॉकीवर हे काहीतरी पुटपुटले, ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

"हळूभाऊ," आत्या म्हणाल्या, "मागच्या गाडीला रस्ता सांगताय की देवघरात जप करताय? पोटातून बोला."

त्यांनी पोटातून बोलायचा सराव केला. घरी, न्हाणीघरात, नळ सोडून. "डावीकडे खड्डा! सावकाश!" अशी आरोळी आतून आली की बायको बाहेरून म्हणायची, "अहो, साबण संपलाय का?"

बाकी मात्र त्यांना चटकन जमलं. टायरमधली हवा किती काढायची, हे ते बोटांनी दाबून सांगायचे आणि मापकाचा काटा नेमका तिथेच यायचा. दगड, ओढा, उतार, काहीही आलं की खाली उतरून आधी पायी जायचं, हा आत्यांचा नियम. बाकीच्यांना तो जाच वाटायचा. हळूभाऊंना वाटायचं, आधी तोंड बघितल्याशिवाय कवळी कशी करणार? ते काठी टेकत पाण्यात उतरायचे, तळाचे दगड चाचपायचे, परत यायचे आणि मगच गिअर टाकायचे. ताफ्यातली पोरं घड्याळं बघत बसायची, पण हळूभाऊंच्या मागे येणारी गाडी कधी अडकायची नाही.

म्होरक्या व्हायचं तर तीन सहलींची परीक्षा असे, त्यातल्या दोन तरी पार पडायला हव्यात. तिची रीत मजेची होती. आत्या ताफ्याच्या शेवटी असायच्या, पण निकाल त्या द्यायच्या नाहीत. सहल संपली की पायथ्याच्या मैदानात सगळ्यांना उभं करायच्या आणि गाडीतल्या प्रत्येकाला, बाजूला बसून आलेल्यांनासुद्धा, एकच प्रश्न विचारायच्या: "पुन्हा यांच्या मागे येणार का?" एक जरी नाही म्हणाला तरी सहल बाद.

पहिली सहल बाद झाली आणि अशी झाली की क्लबात आजही सांगतात. वाटेत एका कुरणाचं फाटक लागलं. नियम असा, की पहिल्या गाडीने फाटक उघडायचं, शेवटच्या गाडीने लावायचं. हळूभाऊंनी उतरून फाटक उघडलं, आणि मग अंगभूत सभ्यपणाने ते धरून उभे राहिले. दुसऱ्या गाडीला मानेनेच "या, या" केलं. तिसरीला केलं. शेवटी आत्या आल्या, त्यांनाही केलं. आत्यांनी काच खाली करून त्यांच्याकडे बघितलं, काच वर केली आणि त्या निघून गेल्या. हळूभाऊंनी नीट कडी घातली, गाडीत बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच ताफ्याच्या शेपटाला आहोत. पुढच्या गाडीला वाटलं, म्होरक्या मागून येऊन पुढे होईल. ती तशीच पाऊण तास चालत एका दगडखाणीत जाऊन थांबली. संध्याकाळी मैदानात प्रश्न आला, तेव्हा बँकेतला एक जण पोट धरून म्हणाला, "आत्या, यांच्या मागे कसं येणार? हेच आमच्या मागे होते!" हळूभाऊसुद्धा हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत.

दुसरी सहल पार पडली. त्याच सुमारास पठाराकडे गाड्या सोडणाऱ्या पायथ्याच्या चौकीवर पाटी लागली. जमीन खचते आहे, सबब हा हंगाम संपला की पठाराचा रस्ता गाड्यांसाठी कायमचा बंद. हळूभाऊंनी पाटी दोनदा वाचली आणि तिसरी सहल हंगामाच्या शेवटच्या रविवारी पठारावर ठरवली. त्याआधीचा कुठलाच रविवार त्यांना मिळाला नाही. सोबत आत्या असल्याने चौकीवाले परीक्षेचा ताफाही वर सोडणार होते. आता बायकोला सांगणं भाग होतं.

"येशील?"

"मला वाटलं, विचारताच की नाही," ती म्हणाली आणि कपाटातून जुनं लोकरीचं जाकीट काढायला गेली.

चार गाड्या होत्या. पुढे हळूभाऊ आणि बाजूला त्यांची बायको, जिला आता सगळे वहिनी म्हणू लागले होते. मागे बँकवाला आणि त्याची बायको. तिसरा बेकरीवाला, क्लबात नवा, टायर गुळगुळीत, मागच्या सीटवर त्याच्या दोन लहान मुली. शेवटी आत्या. आदल्या रात्री वर पाऊस झाला होता. वहिनी वाटेतल्या प्रत्येक वळणाला काहीतरी ओळखत होत्या. "इथे माझी चप्पल तुटली होती." "इथे आम्ही पाणी भरायचो." तीस वर्षांत हळूभाऊंनी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

शेवटचा चढ जेमतेम दोनशे पावलांचा होता. तो संपला की पठार. हळूभाऊ उतरले आणि काठी घेऊन पायी वर निघाले. वरवर माती सुकलेली दिसत होती, पण काठी टोचली की खालून पाणी यायचं. असल्या निसरड्यावर वहिनींचे गुडघे दहा पावलंही टिकले नसते. त्यांची गाडी वर गेली असती. बँकवाल्याचीही गेली असती. बेकरीवाल्याची जाणार नव्हती, त्यात शंका नव्हती. त्याला खाली थांबवावं, तर चढाच्या पायथ्याला रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वरून कोणाची गाडी घसरली तर ती थेट त्या दोन मुलींवर येणार. बाकीच्यांना मागे धाडून आपण एकट्यानेच वर जावं, तर एकट्या गाडीला बंदी. वळवून न्यायचं तर सगळ्यांनाच. कवळीत एखादा दात केसभर उंच राहिला तर सगळी कवळी डुगडुगते. हळूभाऊंनी एकतीस वर्षं त्या एका दाताचाच विचार केला होता.

ते चढाच्या मध्यावर उभे होते. आणखी शंभर पावलं गेले असते तर त्यांना स्वतःला तळं दिसलं असतं. ते गेले नाहीत. तिला दिसणार नाही ते आपण कशाला बघायचं, असं त्यांना वाटलं. खाली येऊन त्यांनी वॉकीटॉकी उचलली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सगळे परत. कोणी इंजिन बंद करू नका. मी येतोय, एकेकाला मागे घेतो."

वहिनी समोर काचेतून चढाकडे बघत राहिल्या. "अहो," एवढंच म्हणाल्या.

"नाही गं," हळूभाऊ म्हणाले. "नाही जमायचं."

गाडी वळवता येईल अशा मागच्या मोठ्या वळणापर्यंत गाड्या उलट्या न्यायच्या होत्या. हळूभाऊ प्रत्येक गाडीसमोर, ड्रायव्हरच्या नजरेला नजर देत, दोन्ही हातांनी इशारे करत चालले. बेकरीवाला सारखा खिडकीतून खाली बघत होता. "दरीकडे बघू नका," हळूभाऊ म्हणाले. "माझ्याकडे बघा. मी सांगतो तेवढंच करा." चारही गाड्या वळायला सव्वा तास लागला. उतरताना वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि हळूभाऊंना त्या शांततेपुढे दरी परवडली असती.

मैदानात आत्यांनी सगळ्यांना उभं केलं. "पुन्हा यांच्या मागे येणार का?"

बँकवाला हो म्हणाला, त्याची बायको हो म्हणाली. बेकरीवाल्याने मुलींच्या डोक्यांवर हात ठेवून मान डोलावली. मुली एकदम ओरडल्या, "हो!" मग आत्या वहिनींपुढे आल्या. हळूभाऊ बुटांकडे बघत होते. बायकोला सूट द्या, असं म्हणायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "मला तळं बघायचं होतं, आत्या. आता ते कधी दिसणार नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतंय. मी यांच्यावर चिडलेयसुद्धा. तशी उद्यापर्यंत राहीन." मग त्या थांबल्या. "पण येईन. हे कुठेही घेऊन निघाले तरी येईन."

आत्यांनी वहीत सही केली. टाळ्या झाल्या, बँकवाल्याने पाठीवर थाप मारली. हळूभाऊंना त्यातलं काही धड कळलं नाही. ते डोळे पुसत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

घराकडे निघाले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मग हळूभाऊंनी, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच विचारलं, "कसं होतं गं ते तळं?"

वहिनींनी त्यांच्याकडे वळून बघितलं. चिडायचं उद्यापर्यंत ठरलं होतं, पण ते राहून गेलं. सकाळी आधी कुठला काठ उजळायचा तिथपासून त्यांनी सुरुवात केली. कुठे पाय बुडवून बसता यायचं, वारा सुटला की पाणी कसं एकाच बाजूला सरकायचं, एकटीला भीती वाटली की त्या कुठल्या खडकाशी मोठ्याने गप्पा मारायच्या. हळूभाऊ मध्ये मध्ये विचारत होते, "आणि मग?" आपल्या दारात गाडी येऊन थांबली तेव्हा वहिनी जेमतेम अर्ध्या काठावर पोचल्या होत्या. हळूभाऊंनी इंजिन बंद केलं आणि पट्टा न काढता ऐकत बसले.